रानडे, कांग आणि पोथीचा आधार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस कांग यौवेई हे चिनी पंडित हिंदुस्थानात आले आणि पुढे सुमारे दीड वर्ष दार्जिलिंगला राहिले. त्यांच्या डोक्यावर पेकिंगच्या दरबाराने इनाम लावलेले होते. या दोघांची भेट झाली नाही, आणि एकाने दुसऱ्याचे नाव ऐकले असेल असे मानायलाही आधार नाही. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोघेही एकाच पेचाशी झगडत होते. ज्या समाजात ‘जुने म्हणून खरे’ हाच न्याय चालतो, तिथे नवे मांडायचे कसे?

कांग यांचा जन्म १८५८ चा, दक्षिण चीनमधील कँटनजवळचा. कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत करून सरकारी परीक्षा द्यायच्या, ही त्यांच्या घराण्याची रीत होती. १८९१ मध्ये त्यांनी एक स्फोटक ग्रंथ काढला. अधिकृत मानल्या गेलेल्या प्राचीन ग्रंथांपैकी कित्येक बनावट आहेत, हान काळातील एका दरबारी पंडिताने ते राजकीय सोयीसाठी रचले, असा त्यांचा दावा होता. तीन वर्षांनी सरकारने त्या ग्रंथाचे छपाईचे ठसे नष्ट करण्याचा हुकूम काढला. त्यानंतरच्या ग्रंथात ते आणखी पुढे गेले. कन्फ्यूशियस हा परंपरेचा रखवालदार नव्हता, तो स्वतःच सुधारक होता. आपल्या नव्या कल्पना लोकांच्या गळी उतराव्यात म्हणून त्याने त्या प्राचीन राजर्षींच्या नावावर घातल्या, असे त्यांनी लिहिले. म्हणजे कांग स्वतः जे करत होते, तेच गुरूनेही केले होते, असे त्यांचे म्हणणे.

१८९५ मध्ये जपानकडून चीनचा पराभव झाला, तेव्हा परीक्षेसाठी राजधानीत जमलेल्या हजारावर उमेदवारांच्या सह्यांचा अर्ज कांग यांनी तयार केला. १८९८ च्या जूनमध्ये तरुण सम्राट ग्वांगशू याने त्यांचा सल्ला मानून फर्मानांचा धडाका लावला. परीक्षांतील साचेबंद निबंध बंद, नव्या शाळा सुरू, पेकिंगला विद्यापीठ, बिनकामाच्या जागा रद्द. १०३ दिवसांनी, २१ सप्टेंबरला, राजमाता त्सशी हिने सत्ता हाती घेतली आणि सम्राटाला नजरकैदेत टाकले. आठवड्याभरात सहा सुधारकांचा शिरच्छेद झाला. त्यांत कांग यांचा धाकटा भाऊही होता. कांग निसटले.

हिंजवडीतील आमच्या वाचनगटात हा इतिहास सांगून झाल्यावर एका तरुण अभियंत्याने मला विचारले, “पण सर, हवा तो अर्थ पोथीतून काढायचा, ही चलाखीच नाही का?” प्रश्न कांग यांच्याविषयी होता. मला मात्र त्याचे उत्तर आधी आपल्या घरात शोधावेसे वाटले.

१८६९ मध्ये मुंबईत झालेल्या पुनर्विवाहावरून ज्यांच्यावर बहिष्कार पडला, त्यांत रानडे होते. पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांच्या पुढाकाराने जाहीर वाद झाला. विष्णुशास्त्री पंडित पुनर्विवाहाच्या बाजूने उभे राहिले आणि अठ्ठावीस वर्षांच्या रानड्यांनी त्या बाजूसाठी वैदिक आधार गोळा करून मांडले. निर्णय विरुद्ध गेला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी बंगालमध्ये पराशरस्मृतीच्या बळावर १८५६ चा कायदा होण्याइतके वातावरण तापवले होते. पण कायदा होऊनही समाज हलला नव्हता. शास्त्रार्थात जिंकले काय किंवा हरले काय, पंगतीत पान मांडायचे की नाही हे शास्त्र ठरवत नव्हते.

हे रानड्यांना स्वतःच्या घरातच दिसले. १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचे प्रकरण गाजले, तेव्हा शेवटी त्यांनी प्रायश्चित्तही घेतले. आगरकरांसारख्या बुद्धिवाद्याला हा मार्गच मान्य नव्हता. विवेकाला पटले की पुरे, त्याला ऋषींची सही कशाला, असा त्यांचा रोख होता. सनातन्यांना रानडे बाटलेले वाटत, तर आगरकरांच्या वळणाच्या तरुणांना कच्चे.

पण रानडे १८७० पाशी थांबले नाहीत. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत त्यांनी पुनरुज्जीवनवाद्यांना एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला : जुने परत आणायचे म्हणता, तर नेमके कोणते? नियोग, आठ प्रकारचे विवाह, बारा प्रकारचे पुत्र, की यज्ञातील पशुहत्या? वेदांतून पुरावे काढणाऱ्यानेच आता प्राचीनतेला न्यायासनावरून खाली उतरवले होते. त्यांच्या लेखी आधाराची जागा हळूहळू स्मृतीकडून संतांकडे सरकली. ‘मराठी सत्तेचा उत्कर्ष’ मांडणाऱ्या १९०० च्या ग्रंथात त्यांनी संतांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि राज्यस्थापनेच्या मुळाशी भक्तीचळवळ पाहिली. परंपरा सोडायची नाही, पण त्यातली कोणती धरायची हे आपण निवडायचे, आणि ही निवड आपण करत आहोत हे उघड सांगायचे. म्हणून त्या तरुणाला मी म्हणालो, निवड लपवली तर ती चलाखी. सांगून केली तर तो विचार.

कांग यांनी ती लपवली. दार्जिलिंगच्या थंडीत त्यांनी ‘महाऐक्या’चा ग्रंथ पुरा केला. त्यात राष्ट्रे नाहीत, वर्ग नाहीत, कुटुंबसंस्थाही नाही. विवाह म्हणजे ठरावीक मुदतीचा करार. हा ग्रंथ संपूर्ण छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३५ मध्ये. काळ अजून आला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जाहीरपणे ते सम्राटाची सनदशीर सत्ता मागत राहिले, आणि स्त्री-पुरुष समतेचे स्वप्न लिहिणाऱ्या याच गृहस्थांनी एकाहून अधिक विवाह केले. रानड्यांचे अंतर व्यासपीठ आणि घर यांत होते; कांग यांचे त्याखेरीज मेजाचा खण आणि व्यासपीठ यांतही होते.

हिंदुस्थानच्या इतिहासाचे त्यांचे वाचन तर रानड्यांच्या नेमके उलट होते. १९०२ मध्ये ल्यांग छीछाव आदी शिष्यांना लिहिलेल्या पत्रात कांग यांनी बजावले की, मोगल साम्राज्यातून एकेक प्रांत स्वतंत्र झाला म्हणूनच हिंदुस्थान बुडाला. चीनच्या प्रांतांनी तो मार्ग धरू नये. रानड्यांच्या मते इंग्रजांनी राज्य घेतले ते मुसलमान बादशहांकडून नव्हे, तर ते जोखड झुगारून दिलेल्या एतद्देशीय सत्तांकडून, आणि त्यांत मराठ्यांचा वाटा मोठा. एकाला जिथे फुटीची सुरुवात दिसली, तिथे दुसऱ्याला राष्ट्राची. ज्याचा भरवसा सिंहासनावर, त्याला सिंहासन मोडणे हाच अनर्थ वाटणार. ज्याचा भरवसा सभा, अर्ज आणि शाळा यांवर, त्याला खालून उभी राहणारी शक्ती दिसणार.

पुढचा हिशेबही याच फरकाने झाला. १९११ च्या क्रांतीनंतर कांग यांनी कन्फ्यूशियसचा पंथ राजधर्म व्हावा म्हणून खटपट केली. १९१७ मध्ये बालसम्राट पूयी याला पुन्हा गादीवर बसवण्याच्या बंडात ते सामील झाले. ते राज्य बारा दिवस टिकले. १९२७ मध्ये ते वारले, तेव्हा चिनी तरुण त्यांना भूतकाळातला माणूस समजत होते.

रानड्यांच्या हातात सम्राट नव्हता, त्यामुळे १०३ दिवसांत सगळे मिळवण्याची आणि गमावण्याची वेळही आली नाही. १८८४ मध्ये पुढे हुजूरपागा म्हणून ओळखली गेलेली मुलींची शाळा सुरू झाली, ती चालू राहिली. आणि ज्या अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केल्याचा ठपका त्यांच्यावर कायमचा राहिला, तिला त्यांनी घरच्यांचा विरोध पत्करून शिकवले. त्या रमाबाईंनी पतीच्या मागे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभारले आणि पुढच्याच वर्षी आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या लग्नाची हकीकतही त्यांनी त्यांत झाकून ठेवलेली नाही.