व्यवस्थापकीय नेतृत्व व संज्ञापन : सोलापूरच्या कापडगिरण्या

कारखान्यातील कामाचे नियोजन करून ते अनेक व्यक्तींकडून एकदिलाने पार पाडून घेण्याची क्षमता म्हणजे व्यवस्थापकीय नेतृत्व. या नेतृत्वाचे प्रमुख साधन संज्ञापन होय. वरिष्ठांचा निर्णय कामगारांपर्यंत आणि कामगारांचे म्हणणे वरिष्ठांपर्यंत यथार्थ रीतीने पोहोचविण्याच्या क्रियेस संज्ञापन म्हणतात. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या दोन्ही गोष्टी कौशल्ये म्हणून शिकविल्या जातात. सोलापूर येथील कापडगिरण्यांच्या इतिहासात मात्र त्या प्रथम कौशल्याच्या नव्हे, तर अधिकाराच्या प्रश्नाच्या रूपाने पुढे आल्या. कामगाराशी कोणी बोलावयाचे आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकावयाचे, हा तो प्रश्न होय. त्याची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली. त्या स्थित्यंतरांचा आढावा येथे घेतला आहे.

उद्योगाची पार्श्वभूमी : सोलापूर हे हातमागाचे जुने केंद्र. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये येथे पोहोचल्यानंतर कापूस व सूत यांचा व्यापार वाढला. मुंबईचे उद्योगपती मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. पुढे ती ‘जुनी मिल’ या नावाने प्रसिद्धी पावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मी व नरसिंगगिरजी आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू व जाम या गिरण्यांची त्यांत भर पडली. १९०१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ७५,२८८ होती. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या वर्षांच्या दुष्काळांनी जिल्ह्यातील व शेजारच्या मुलखातील शेतकरी, शेतमजूर आणि विणकर यांना गिरण्यांच्या दारात आणून सोडले. गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजन्सी पद्धतीने चाले. एजंटांच्या पेढीकडे भांडवल उभारणी, कापसाची खरेदी व कापडाची विक्री हे अधिकार असत. प्रत्यक्ष गिरणीत व्यवस्थापक व त्याच्या हाताखाली खातेनिहाय मास्तर असत. मास्तर आणि कामगार यांच्यामधील दुवा म्हणजे मुकादम अथवा जॉबर होय.

मुकादमी पद्धती : मुकादम हा मूळचा अनुभवी कामगारच असे. यंत्राची जुळणी व किरकोळ दुरुस्ती त्याला येत असे आणि आपल्या टोळीचे उत्पादन राखणे ही त्याची जबाबदारी असे. परंतु नोकरभरती, बदली कामगारांना काम देणे, रजेची शिफारस, दंड व प्रसंगी काढून टाकणे या बाबींतही त्याचाच शब्द चाले. काम मिळावे व टिकावे म्हणून कामगार त्याला ‘दस्तुरी’ देत. अडीअडचणीला तो कर्ज देई किंवा मिळवून देई. तो बहुधा कामगारांच्याच वस्तीत राही. त्यामुळे त्याची सत्ता गिरणीच्या भोंग्याबरोबर संपत नसे. स्त्रीकामगारांवर देखरेख करणाऱ्या स्त्रीस नायकीण म्हणत.

या पद्धतीकडे केवळ भ्रष्टाचार म्हणून पाहणे अपुरे ठरेल. अक्षरशत्रू, कर्जबाजारी आणि शहरात नवख्या माणसाला गिरणीत प्रवेश मिळवून देणारी दुसरी व्यवस्था त्या काळी नव्हती. मुकादमाचीही अडचण होती. टोळी नाराज झाली, तर तिच्यावरील त्याचा प्रभाव नाहीसा होई, म्हणून त्याला तिचे काही प्रमाणात ऐकावे लागे. संपाच्या वेळी काही मुकादम मालकाच्या, तर काही कामगारांच्या बाजूने उभे राहत, ते याच कारणाने. व्यवस्थापनाच्या दृष्टीने या पद्धतीचा खरा दोष निराळा होता. वरून खाली जाणारा आदेश आणि खालून वर येणारी तक्रार या दोन्ही एकाच व्यक्तीच्या हातून जात. ज्याच्याविरुद्ध तक्रार असे, त्याच्याच मुखाने ती सांगावी लागे. परिणामी गिरणीतील असंतोषाची वार्ता व्यवस्थापकाला बहुधा संप झाल्यावरच कळे.

भाषेचा प्रश्न : सोलापुरात या अडचणीला भाषेची जोड मिळाली. शहर मराठी, कन्नड व तेलुगू या भाषांच्या सीमेवर वसलेले आहे. तत्कालीन हैदराबाद संस्थानाच्या तेलुगू मुलखातून आलेले पद्मशाली विणकर, कन्नड बोलणारे लिंगायत, मराठी भाषिक शेतकरी व दलित, तसेच उर्दू वा दखनी बोलणारे मुसलमान असा कामगारवर्ग एकाच आवारात काम करीत असे. कार्यालयातील पत्रव्यवहार व हिशेब इंग्रजीत चालत. मास्तराचे बोलणे कामगाराच्या भाषेत सांगणारा मुकादम हा अशा परिस्थितीत दुभाषाही ठरे. फलकावर लावलेली नोटीस ज्याला वाचता येत नसे, त्याच्या दृष्टीने मुकादम सांगेल तोच नियम असे.

‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींसाठी सरकारने सोलापुरात वसाहत उभारली होती. तिच्या तारांच्या कुंपणातील स्त्री-पुरुषांनाही गिरण्यांत कामाला पाठविले जाई. गिरणीतील हजेरीखेरीज वसाहतीतील हजेरीचेही बंधन त्यांच्यावर असे. काम नाकारण्याचेच स्वातंत्र्य ज्यांना नव्हते, त्यांना तक्रार करण्याचे स्वातंत्र्य कितपत असणार, हे उघड आहे. गुन्हेगार जमातींविषयीचा कायदा देशभर १९५२ मध्ये रद्द झाला.

संप व लष्करी कायदा : पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईत गिरण्यांतील असंतोष वाढला. सोलापुरात १९२०, १९२८ व १९३४ या वर्षी मोठे संप झाले. गिरणीमालकांनी कल्याणकार्याकडे अगदीच दुर्लक्ष केले होते असे नाही. सवलतीच्या दराचे धान्य, चाळी, शाळा, दवाखाने अशा सोयी सोलापूरच्या गिरण्यांत होत्या व त्यांचा गौरवही झाला. परंतु सोय देणे व म्हणणे ऐकून घेणे या भिन्न गोष्टी आहेत. मालकाच्या इच्छेने मिळालेली सवलत त्याच्या इच्छेने बंदही होऊ शकते. वेतन, कामाचे तास व कपात यांविषयी बोलण्याचे मान्य व्यासपीठ कामगारांना त्यामुळे मिळाले नाही.

महात्मा गांधींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यावर सोलापूरच्या कामगारांनी गिरण्या बंद पाडल्या. त्यानंतरच्या घटनांत शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. हा लढा प्रामुख्याने राजकीय होता. तथापि गिरणीच्या चार भिंतींत मूक मानला गेलेला कामगार शहराच्या सार्वजनिक जीवनात बोलता झाला आहे, हे त्याने दाखवून दिले.

व्हिट्ली आयोग व कामगार अधिकारी : जे. एच्. व्हिट्ली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये अहवाल सादर केला. भरती व बडतर्फी यांचे अधिकार मुकादमाकडून काढून घ्यावेत आणि गिरणीच्या मुख्य व्यवस्थापकाला थेट जबाबदार असणारा कामगार अधिकारी नेमावा, अशी शिफारस त्याने केली. या अधिकाऱ्याच्या अंगी असावयाच्या गुणांत सचोटी व माणसे ओळखण्याची हातोटी यांबरोबरच भाषांवरील प्रभुत्वाचाही आयोगाने समावेश केला होता. सोलापूरसारख्या शहरात या अपेक्षेचे मोल विशेष होते.

मुंबईत १९३४ च्या कायद्याने सरकारी कामगार अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. १९३७ मध्ये नेमलेल्या मुंबई प्रांताच्या वस्त्रोद्योग कामगार चौकशी समितीने सोलापूरच्या वेतनमानाचाही विचार केला. याच सुमारास धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची सोय मुंबईत १९३६ मध्ये स्थापन झालेल्या समाजकार्य विद्यालयाने केली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

कायद्याने घडविलेले संज्ञापन : मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ याने ऐच्छिक संवादाची जागा कायदेशीर संवादाला दिली. वेतन, कामाच्या पाळ्या, कपात इ. विषयांत बदल करावयाचा असल्यास मालकाने कामगारांच्या प्रतिनिधीस आगाऊ सूचना देणे बंधनकारक झाले. शिस्तीचे नियम स्थायी आदेशांच्या रूपाने निश्चित करण्यात आले. कारखाने अधिनियम, १९४८ अन्वये पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक ठरले. विहित सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ लावाव्यात, अशी तरतूदही त्यात होती. बहुभाषिक सोलापुरात ‘बहुसंख्यांची भाषा’ हा निकष अपुरा होता. उरलेल्या कामगारांना सूचना सांगण्याचे काम पुन्हा मुकादमाकडे वा शेजारच्या साच्यावरील सोबत्याकडेच राहिले. कायद्याने मुकादमाचा अधिकार कमी केला, परंतु त्याची गरज पूर्णतः संपविली नाही.

जुन्या मिलचे प्रकरण : नेतृत्व व संज्ञापन यांच्या अपयशाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूरच्या जुन्या मिलनेच पुरविले. काही काळ उत्तम लाभांश देणाऱ्या या कंपनीत १९४९ मध्ये मालाचा साठा तुंबला व आर्थिक ओढाताण सुरू झाली. संचालकांनी २७ जुलै १९४९ रोजी गिरणी बंद करण्याची नोटीस कामगारांना दिली व २७ ऑगस्ट रोजी ती बंद झाली. सत्तर वर्षांहून अधिक काळ ज्या भोंग्यावर शहराचा दिवस सुरू होई, ती गिरणी एका महिन्याच्या नोटिशीने थांबली. सूचना देण्याचा उपचार पार पडला होता. तीत विचारविनिमयाला मात्र स्थान नव्हते.

केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी खास या कंपनीसाठी वटहुकूम काढून तिचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. एप्रिलमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. गैरव्यवस्थापन व हलगर्जी यांमुळे आवश्यक वस्तूच्या उत्पादनावर अनिष्ट परिणाम होऊन समाजाच्या एका विभागात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे, असे कारण त्याच्या प्रास्ताविकात नमूद होते. व्यवस्थापन हा मालकाचा खाजगी मामला नसून त्याच्या अपयशाची झळ समाजाला बसते, ही भूमिका त्यामागे होती.

या कायद्याला भागधारकांनी आव्हान दिले. चिरंजितलाल चौधरी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन अशा मतांनी फेटाळला. अनेक कंपन्यांपैकी एकीसाठीच कायदा करणे हा पक्षपात होय, असे मत न्या. पतंजली शास्त्री व न्या. सु. रं. दास यांनी नोंदविले. पुढे द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात डिसेंबर १९५३ मध्ये न्यायालयाने वटहुकूम घटनाबाह्य ठरविला. नुकसानभरपाई न देता मालमत्तेचा ताबा घेतला गेला, असे त्याचे कारण होते. सार्वजनिक हितासाठी मर्यादित काळापुरते व्यवस्थापन हाती घेण्यास १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने संरक्षण दिले. अशा रीतीने सोलापूरच्या एका गिरणीचा कारभार भारतीय घटनाकायद्याच्या अभ्यासात कायमचा समाविष्ट झाला. दोन्ही दाव्यांतील वादी भागधारक होते. त्यांचा वाद मतदानाच्या हक्कांविषयी व शेअरांवरील मागणीच्या रकमेविषयी होता. ज्यांच्या बेकारीचा उल्लेख प्रास्ताविकात झाला, त्या कामगारांचे म्हणणे त्यात ऐकले गेले नाही.

अन्यत्र झालेले प्रयोग : कारखान्यातील संवादाचे निराळे प्रयत्न महाराष्ट्रात आधीपासून होत होते. किर्लोस्करवाडी येथे शं. वा. किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे मुखपत्र सुरू केले. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे विख्यात मासिक घडले. अमेरिकेत चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की आदेशाचा अधिकार तो देणाऱ्याच्या हुद्द्यापेक्षा तो स्वीकारणाऱ्यावर अधिक अवलंबून असतो आणि न समजलेल्या आदेशाला अधिकार उरतच नाही. ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित मागांवरील कामगारांचे लहान गट करून कामाची फेरमांडणी केली. कामाची वाटणी गटाने आपसांत करण्याची ती पद्धत मुकादमी देखरेखीला पर्याय म्हणून अभ्यासकांनी महत्त्वाची मानली.

सद्यस्थिती : मॅनेजिंग एजन्सी पद्धती १९७० मध्ये संपुष्टात आली. सोलापूरच्या जुन्या संयुक्त गिरण्यांचे युगही आता संपले आहे. चादरी व टॉवेल विणणारे यंत्रमागाचे लहान कारखाने हे आता शहराच्या वस्त्रोद्योगाचे प्रमुख रूप होय. तेथे मालक व कामगार यांचे रोजचे बोलणे असते. एजंट, मास्तर व मुकादम अशी उतरंड तेथे नाही. तथापि कल्याण अधिकारी, कार्यसमिती यांसारख्या तरतुदी मोठ्या कारखान्यांना उद्देशून असल्याने त्यांचा लाभही या कामगारांना फारसा झाला नाही. औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने कार्यसमितीसाठी शंभर कामगारांची मर्यादा कायम ठेवली आहे. मात्र वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, अशी तरतूद तीत आहे. अशी समिती कामगारांच्या मराठी, तेलुगू, कन्नड वा उर्दू भाषेत चालली, तरच तिचा उपयोग होईल. व्यवस्थापकाच्या संज्ञापनकौशल्याची कसोटी त्याच्या वक्तृत्वापेक्षा, सर्वांत खालच्या कामगाराची तक्रार मध्यस्थाशिवाय त्याच्यापर्यंत पोहोचते किंवा नाही यावरून ठरते, असेच सोलापूरचा इतिहास दर्शवितो.