तान्हा पोळा कुणाकडे?

समजा, आमगावचा एक बाप आहे. नवरा-बायको वर्षभरापासून वेगळे राहतात. सात वर्षांचा मुलगा आईसोबत तिच्या माहेरी, बालाघाटला आहे. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्या विदर्भात हा सण पोरांचा. लाकडी नंदी सजवायचा, त्याला दोरी बांधून घरोघरी फिरवायचा आणि बोजारा मागायचा. बापाने नंदी आणून, रंगवून ठेवला आहे. पोरगा येणार की नाही, हे त्याला माहीत नाही. कुणाला विचारायचं, हेही माहीत नाही. सासऱ्यांना फोन केला तर भांडण होईल. वकिलाला विचारलं तर तो म्हणेल, अर्ज टाकू. अर्जाची तारीख लागेल तेव्हा दिवाळीही होऊन गेलेली असेल.

हा बाप कल्पनेतला आहे, कारण खऱ्या माणसांची घरं चव्हाट्यावर मांडायची नाहीत. पण त्याच्या वाटेत जे जे येतं ते सगळं खरं आहे. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला इतिहास आहे, आणि तो कळला तर आज काय करता येईल हेही थोडं कळतं.

१९५६ : एक कायदा, एक सरहद्द

गोंदियाहून बालाघाट चाळीसेक किलोमीटर. सोयरीक दोन्हीकडे पिढ्यान् पिढ्यांची. १९५६ पर्यंत ही दोन्ही गावं एकाच प्रांतात होती आणि दोघांचं हायकोर्टही एकच, नागपूरचं. त्या वर्षी २५ ऑगस्टला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू झाला. हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि 'त्याच्यानंतर' आई, असं त्याने लिहून ठेवलं. पाच वर्षांखालचं मूल मात्र सामान्यतः आईकडे राहील, अशी पुस्तीही जोडली. पुढे दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्यात होतं तो मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात. हायकोर्ट जबलपूरला गेलं, नागपुरात मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ राहिलं. २००० साली छत्तीसगड झालं, तेव्हा राजनांदगाव-डोंगरगडकडच्या सोयऱ्यांचं हायकोर्ट बिलासपूर झालं.

याचा आमगावच्या बापाशी काय संबंध? १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात एक साधा नियम आहे: मूल जिथे नेहमी राहतं, तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा. म्हणजे मूल बालाघाटला राहत असेल तर बापाने तिथे जायचं, आणि अपील करायचं तर जबलपूर. तेच मूल गोंदियात असतं तर नागपूर. गाडीने तासा-दीड तासाचं अंतर, पण कायद्याच्या नकाशावर दोन वेगळी जगं. नियम चुकीचा नाही. मुलाला कोर्टासाठी गावोगाव ओढायचं नाही, हाच त्यामागचा विचार. पण सरहद्दीवरच्या जिल्ह्यात त्याचा भार रोजंदारी बुडवून तारखेला जाणाऱ्या माणसावर पडतो.

ताबा आणि फारखत

आपल्या कोर्टाच्या मराठीत मुलाचा 'ताबा' मिळतो. प्लॉटचाही ताबाच मिळतो आणि त्याची ताबापावती होते. घटस्फोटाला आपण 'फारकत' म्हणतो. त्यामागचा जुना शब्द 'फारखत' देण्याघेण्यातला होता: हिशेब चुकता झाला, आता तुझं-माझं काही नाही, असा लिहून दिलेला कागद. नवरा-बायकोत असा कागद होऊ शकतो. मुलाच्या बाबतीत तो कधीच होत नाही, आणि सगळी अडचण इथेच आहे.

जुन्या काळी बऱ्याच जातींत काडीमोड चालत असे. पंच बसत, देणंघेणं ठरवत, बाई दुसरा पाट लावायला मोकळी होई. मूल मात्र साधारणपणे बापाच्या कुळाचं. अंगावरचं पोर काही वर्षं आईजवळ राही, मग बापाच्या घरी जाई. विधवेनं पुन्हा लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या नातेवाइकांना मुलांसाठी वेगळा पालक नेमून मागता येईल, अशी तरतूद १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यातसुद्धा होती. मूल कुळाचं, बाई येणारी-जाणारी. मुलाला कोण हवं, हा प्रश्न पंचांपुढेही नव्हता आणि साहेबापुढेही.

ज्या जातींत काडीमोड नव्हता त्यांना तर कायद्याने वेगळं होताच येत नव्हतं. मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतात, म्हणून इथे हिंदू विवाह कायदा येईपर्यंत, म्हणजे १९५५ पर्यंत, थांबावं लागलं. त्या कायद्याने जातीच्या रूढीतला काडीमोड तसाच मान्य ठेवला. अनुसूचित जमातींना तो सरकारने वेगळं जाहीर केल्याशिवाय लागूच होत नाही. त्यामुळे देवरी-सालेकसा पट्ट्यातल्या गोंड-हलबा कुटुंबांत फारकत रूढीने होते. मुलाचा प्रश्न कोर्टात गेला, तर तो १८९० च्या कायद्याने सुटतो, कारण तो सर्वांना लागू आहे.

हक्क बापाचा, काम आईचं

१८९० चा कायदा इंग्रजी विचारातून आला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये बापाचा हक्क जवळजवळ निरपवाद होता. आपल्या कायद्यातही बाप जिवंत आणि लायक असताना कोर्टाने दुसरा पालक नेमायचा नाही, असं होतं. पण त्याच कायद्यात 'मुलाचं हित' हे शब्दही होते, आणि पुढची शंभर वर्षं हे शब्द हळूहळू मोठे होत गेले. १९४१ मध्ये मुंबई हायकोर्टाने एका निकालात स्पष्ट केलं की बघायचं ते बापाचं हितही नाही आणि आईचंही नाही, फक्त मुलाचं. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत. १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्यात 'त्याच्यानंतर आई' याचा अर्थ बाप मेल्यावरच असा नाही, हे ठरलं. मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला आईची सही चालत नाही, एवढ्याशा गोष्टीवरून ते प्रकरण सुरू झालं होतं.

या सगळ्याकडे 'बापाचे हक्क कमी होत गेले' असं बघणारे लोक आहेत. मला ते वेगळं दिसतं. कायद्याने बापाला मालकी दिली होती, पण मूल वाढवायला कधीच सांगितलं नव्हतं. डबा भरणं, ताप मोजणं, शाळेतल्या बाईंना भेटणं ही कामं त्याची नव्हतीच. मग कोर्ट जेव्हा विचारायला लागलं की या मुलाला रोज कुणी सांभाळलं, तेव्हा बापाकडे दाखवायला सातबारा होता आणि आईकडे मुलाची सवय. पिढ्यान् पिढ्या जे काम केलं नाही, त्याचाच हिशेब मागितला गेला.

आजचा तरुण बाप मात्र अनेकदा वेगळा असतो. त्याने पोराला आंघोळ घातलेली असते, झोपवलेलं असतं. घर मोडतं तेव्हा त्याला ताबा नको असतो. त्याला रविवार हवा असतो, तान्हा पोळा हवा असतो, रोजचा फोन हवा असतो. आणि नेमकं हे देणारी यंत्रणा आपल्याकडे सगळ्यात कच्ची आहे.

भेटीचा बाप

१९८४ मध्ये कुटुंब न्यायालयांचा कायदा झाला. त्यामागे स्त्रीसंघटनांचा मोठा रेटा होता. आधी समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य ठरलं, समुपदेशक आले, वकिलाचा हक्क मर्यादित झाला. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. पण कायद्याने सक्ती होती ती दहा लाखांवर वस्ती असलेल्या शहरांची. गोंदियासारख्या शहरांचा विषय राज्य सरकारच्या मर्जीवर राहिला. जिथे कुटुंब न्यायालय नाही, तिथे ही प्रकरणं जमिनीच्या आणि चेक बाउन्सच्या प्रकरणांसोबत त्याच इमारतीत चालतात.

'भेटीचा हक्क' याच काळात रुळला. महिन्यातले दोन शनिवार, दोन तास, कोर्टाच्या आवारात. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात त्यासाठी मुलांचं वेगळं संकुल तरी आहे. छोट्या गावात व्हरांडा, बाकडं आणि वीस माणसांच्या नजरा. पोर आईच्या पदराला धरून उभं, बाप हातात चॉकलेट घेऊन. अशा दोन तासांत कुणी बाप होऊ शकत नाही, फार तर पाहुणा होतो.

मिटवणं म्हणजे नांदवणंच नव्हे

तंटे गावात मिटवण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. १५ ऑगस्ट २००७ ला राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगाव समित्या झाल्या, बांधाची भांडणं मिटली. पण नवरा-बायकोचं प्रकरण आलं की अशा बैठकीत पहिला प्रश्न असतो: नांदायला कधी जाणार? जात्या पंचांपासून तंटामुक्तीपर्यंत आपण मध्यस्थी केली ती जोडायला. 'हे दोघं एकत्र राहणार नाहीत, आता पोराचं नीट कसं करायचं?' हा प्रश्न घेऊन बसणारी माणसं आपण तयार केली नाहीत.

कायद्याने ती जागा अलीकडे उघडली. २००२ पासून दिवाणी न्यायालयांना प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौटुंबिक प्रकरणं लवकरात लवकर मध्यस्थीकडे पाठवायला सांगितलं, आणि खटल्याआधीच मध्यस्थी करता येईल असे कक्ष उघडायलाही सांगितलं. मे २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा आणि 'पालकत्व आराखडा' यांची शिफारस केली. संसदेने अजून तसा कायदा केलेला नाही. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुलाला दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला शक्यतो रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, व्हिडिओ कॉलसुद्धा त्यात आला. सरहद्दीपलीकडच्या बापासाठी हे वाक्य लाखमोलाचं आहे.

आमगावच्या बापाने काय करावं?

पहिली पायरी कोर्टाची नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० हा त्यांचा देशभराचा फोन नंबर. खटला न टाकताही मध्यस्थीचा अर्ज करता येतो. मूल बालाघाटला असेल तर तिथल्या प्राधिकरणाकडे करणं सोयीचं.

मध्यस्थ न्यायाधीश नसतो, तो निकाल देत नाही. दोघांशी एकत्र बोलतो, मग वेगवेगळं बोलतो. तिथे बोललेलं कोर्टात वापरता येत नाही. जमलं नाही तर 'तडजोड झाली नाही' एवढंच कोर्टाला कळवलं जातं. जमलं तर कागद होतो, आणि त्यावर न्यायालयाची मोहोर लागते, कारण मुलाचं हित आईबापांनी सही करून सोडून देता येत नाही.

त्या कागदावर काय असावं? 'महिन्यातून दोनदा भेट' एवढं लिहून भागत नाही. गोंदियाच्या फलाटावर पोराला आणणार कोण आणि परत सोडणार कोण? फोन किती वाजता? ताप आला तर पहिला फोन कुणाला? शाळेची गुणपत्रिका दोघांनाही मिळेल का? आजी-आजोबांचं काय? उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी की आलटून पालटून? पोळा कुणाकडे, तान्हा पोळा कुणाकडे? जेवढं बारीक लिहाल, तेवढं पुढे भांडण कमी. आणि एक ओळ हवीच: मुलाच्या हाती निरोप पाठवायचा नाही. 'तुझ्या आईला सांग' हे वाक्य सात वर्षांच्या पोराला टपालवाला करतं.

दोन गोष्टी इथे स्वच्छ सांगायला हव्यात. खावटी आणि भेट यांचा सौदा होत नाही. भेट मिळत नाही म्हणून पोराचे पैसे थांबवणारा बाप स्वतःचीच बाजू मोडतो, आणि पैसे थकले म्हणून भेट तोडणं म्हणजे शिक्षा पोराला. दुसरी गोष्ट, जिथे मारहाण झाली आहे, जिथे बाई समोर बसायला घाबरते, तिथे मध्यस्थीचा आग्रह धरू नये. तिथे आधी सुरक्षितता, मग बाकी सगळं.

उरतं ते बापाचं एकटेपण. समुपदेशन केंद्रांच्या पाट्यांवर 'महिला' लिहिलेलं असतं, आणि त्याला सबळ कारणं आहेत. पण 'पोराशी फोनवर काय बोलू, तो दोन मिनिटांत ठेवून देतो' हे विचारायला बापाने कुठे जावं? पानठेल्यावर त्याला दोनच सल्ले मिळतात: केस ठोक, नाहीतर विसरून जा. तिसरा सल्ला देणारी जागा जिल्ह्याजिल्ह्यात व्हायला हवी. त्याला मोठी इमारत लागत नाही. एक समुपदेशक, कोर्टाबाहेरची एक खोली आणि तिच्यात काही खेळणी पुरतात.

तोवर आमगावच्या बापाच्या हातात एवढंच आहे: ठरलेल्या वेळी फोन करायचा, रोज. मुलगा दोन मिनिटं बोलला तर दोन मिनिटं. शाळेत काय झालं, डब्यात काय होतं. आईबद्दल वाईट बोलायचं नाही. यंदाचा तान्हा पोळा बालाघाटलाच होणार असेल, तर रंगवलेला नंदी तिकडे पाठवून द्यायचा. माळ्यावर ठेवायचा नाही.