भाग ३१ : फळ, शिक्का आणि मार्कर – आभाराच्या कार्डाचा आपला इतिहास

हा ३१व्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना मधे मधे येणारं "म्हणजे कसं आहे ना" तेवढं गाळलंय, बाकी जसंच्या तसं ठेवलंय. नव्याने आलेल्यांसाठी सांगतो. मी सौंदडचा. गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका. मुंबई-कोलकाता हायवेवर साकोली सोडली की आमचं गाव. दिवसा कोड लिहितो आणि रात्री इतिहासाची पुस्तकं वाचून तुमचं डोकं खातो.

आजचा विषय बघून काही जण म्हणतील, हा तर शाळेतला कार्यानुभवाचा तास झाला! अर्ध्या लिंबाला रंग लावायचा, कागदावर ठसा उमटवायचा, मार्करने देठ-पानं काढायची आणि खाली लिहायचं 'थँक यू'. रील्समध्ये असली कार्डं रोज दिसतात. मग लगेच कुणीतरी म्हणतं, ही सगळी बाहेरची फॅडं, आपल्यात कुठे असं होतं?

अर्धं खरं आहे. छापील शुभेच्छापत्र बाहेरूनच आलं. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना नाताळची सगळी पत्रं हाताने लिहायचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याची कार्डं छापून घेतली. ते पहिलं ख्रिसमस कार्ड मानतात. म्हणजे गंमत बघा, कार्डाचा जन्मच वेळ वाचवायला झाला. आपण व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करतो ना, त्याचे हे आजोबा.

पण कार्डातल्या तीन गोष्टी घ्या. फळ, शिक्का आणि मार्कर. या तिन्ही आपल्याकडे फार जुन्या आहेत. एकेक बघू.

पहिलं, फळ

आमच्याकडे शेजारून भाजीचा गंज आला, की तो घासून रिकामा परत धाडत नाहीत. आमची आजी म्हणते, "रिकामा गंज नाही धाडत, बापा." मग त्यात काय जायचं? जे घरात असेल ते. उन्हाळा सरताना जांभळं, दिवाळीच्या मागेपुढे सीताफळं, नाहीतर चार पेरू. तांदूळही चालायचे. 'थँक यू' कुणी म्हणत नसे, पण गंज परत आला की समोरच्याला कळायचं.

हे फक्त झाडीपट्टीत नाही. महाराष्ट्रात कुठल्याही सत्काराला जा, शाल आणि श्रीफळ. श्रीफळ म्हणजे नारळ, म्हणजे फळच. (संस्कृतात बेलफळालाही श्रीफल म्हणतात, पण आपल्या स्टेजवर नारळच असतो.) लेक सासरी निघाली की ओटीत नारळ. देवाला नवस फेडायचा तरी नारळ. आभार मानायचे तर हातात फळ ठेवायचं, ही आपली रीत इतकी रुळलेली आहे की ती आपल्याला दिसतच नाही.

'आभार' हा शब्द तरी बघा, त्यात 'भार' आहे. उपकार 'फेडायचे' असतात, ऋण 'उतरवायचं' असतं. आपल्या भाषेत कृतज्ञतेला वजन आहे. ते नुसत्या शब्दाने उतरत नाही, काहीतरी उचलून न्यावं लागतं.

दुसरं, शिक्का

आता थोडं मागे जाऊ. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, निदान गाड्यांच्या काचांवर तरी. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा दिल्याचं २८ जानेवारी १६४६ चं जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यावर ती आहे. पण मुद्रेबरोबर आणखी एक छोटा शिक्का असायचा, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तो पत्राच्या शेवटी, मजकूर संपला तिथे उमटवायचे. त्याला म्हणायचे 'मोर्तब'. सुरुवातीला शिक्का आणि शेवटी मोर्तब, म्हणून आपण अजूनही म्हणतो 'शिक्कामोर्तब झालं'.

दोन शिक्के कशाला? वरचा सांगतो, हे पत्र कुणाचं आहे. खालचा सांगतो, मजकूर इथे संपला, याच्या खाली कुणी ओळ वाढवली तर ती आमची नाही. कागद लांब असेल आणि तुकडे चिकटवून केलेला असेल, तर जोडावरही शिक्का मारत. मधला तुकडा बदलला की ठसा जुळणार नाही. माझ्या धंद्यातल्या लोकांनो, हे ओळखीचं वाटतंय ना? वर डिजिटल सिग्नेचर, खाली चेकसम. साडेतीनशे वर्षांपूर्वी, काजळाच्या शाईत.

शिक्का कोरायची एक अट असते. अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. देवनागरी उलटी कोरणं ही साधी गोष्ट नाही. पेशवाईच्या शेवटच्या काळात पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने एका तांबट कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरायची कला शिकून घेतली. नाना फडणविसांच्या मनात त्यातून गीता छापायची होती. पण पुण्यातल्या गडबडीत ते राहून गेलं आणि शेवटी १८०५ साली मिरजेला, पटवर्धनांच्या आश्रयाने, ती गीता छापली गेली. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये सेरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण सुट्या टाइपांनी छापून निघालं. मोठी नावं आपण पाठ करतो. पण एक अख्खा ग्रंथ उलटा कोरायचा म्हणजे किती रात्री दिव्याजवळ गेल्या असतील, याचा विचार करा. तुम्ही बटाट्यावर 'आ' कोरून बघा, मग पटेल.

ठशाचं आणखी एक रूप आहे, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या बोटावर आहे. अंगठा. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून कराराच्या कागदावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखायची जी पद्धत जगभर गेली, तिच्या इतिहासात हा कागद मानाने सांगतात. आपण मात्र ज्याला लिहिता येत नाही त्याला 'अंगठाछाप' म्हणून हिणवतो. गंमत अशी, की आज तोच अंगठा लावल्याशिवाय आपला फोन उघडत नाही.

तिसरं, मार्कर

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो आमच्या जंगलातला आहे.

आपण वापरतो तो बारीक टोकाचा फायबरवाला पेन जपानमध्ये १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. पण न पुसला जाणारा मार्कर आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून झाडाला लागत होता. त्याचं नाव बिब्बा.

धोब्याकडे शंभर घरांचे कपडे. कुणाचं धोतर कुठलं, कसं कळणार? तो बिब्ब्याला सुई टोचायचा, आतला रस टोकावर घ्यायचा आणि कपड्याच्या कोपऱ्यात ठिपके, रेघा काढायचा. वरून चुना लावला की खूण पक्की. हा रस हवेत काळा पडतो आणि पाण्याने जात नाही. साबणाने, उकळून, आपटून, कशानेच नाही. इंग्रजांनी हे बघितलं आणि फळाला नावच दिलं 'मार्किंग नट'. शास्त्रीय नाव तर आणखी भारी, सेमेकार्पस. हे ग्रीक शब्दांवरून केलंय. सेमेइऑन म्हणजे खूण, कार्पोस म्हणजे फळ. म्हणजे 'खुणेचं फळ'. फ्रूट आणि मार्कर, एकाच नावात!

आता बिब्बा नीट बघा. खाली काळं, चपटं, हृदयाच्या आकाराचं बी आणि वर नारिंगी गरदार बोंड. काजूसारखंच, कारण दोघं एकाच कुळातले. आंबाही त्याच कुळातला. पिकलेलं बोंड वाळवून खातात. काळ्या कवचाच्या आत पांढरा गर असतो, ती गोडंबी. थंडीत लाडवात घालतात ती. पण या दोन्हींच्या मधल्या कवचात ते तेल असतं, आणि ते अंगावर उडालं की कातडी भाजते, फोड येतात. म्हणून तर कुणी चांगल्या कामात मोडता घातला की आपण म्हणतो 'बिब्बा घातला'.

विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढायचं काम बहुतेक बायका करतात. एक एक बिब्बा दगडावर ठेवायचा आणि ठेचायचा. तेल हातावर उडतं, चेहऱ्यावर उडतं. बोटं काळी पडतात, ती लवकर जात नाहीत. आपण लाडू खाताना गोडंबी दाताखाली आली की "वा" म्हणतो. त्या हातांना आजवर कुणी आभाराचं कार्ड दिलेलं मला तरी माहीत नाही.

शाई देणारं दुसरं फळ हिरडा. त्याच्या काढ्यात हिराकस टाकला की रंग काळा होतो, कारण हिरड्यातलं टॅनिन लोहाशी मिळतं. युरोपात हीच शाई ओकच्या झाडावरच्या गाठींपासून करत आणि शतकानुशतकं तिनेच लिहीत. आणि आमच्या जिल्ह्याचं नावच गोंदावरून पडलंय असं सांगतात. धावड्याचा गोंद, पळस-कुसुमावरची लाख, यांचा इथे मोठा व्यापार होता. लाख म्हणजे पाकिटावरची मोहर. गोंद म्हणजे पाकीट चिकटवायची सोय. ठसा मारून पत्र बंद करायचं म्हटलं, तर सामान आमच्या रानातच होतं.

आता कार्ड करू

भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा. गरिबालाही परवडेल असा कागद पहिल्यांदा मिळाला. ज्यांना लिहिता येत नव्हतं ते पोस्टमनकडून, मास्तरांकडून लिहून घ्यायचे. आपलं कार्ड त्याच मापाचं करू, १४ बाय ९ सेंटीमीटर. जाड ड्रॉइंग पेपर घ्या.

बटाटा अर्धा कापा, कापलेली बाजू कापडाने टिपा. ओला राहिला तर रंग फिसकटतो. त्यावर गोल कोरा, बाजूचा भाग पाव सेंटीमीटर खोल काढून टाका. नारिंगी पोस्टर कलर ब्रशने पातळ लावा आणि सरळ दाबा, हलवू नका. हे झालं बोंड. त्याच्या खाली दुसऱ्या, थोड्या लहान ठशाने काळा रंग. झाला बिब्बा. वाळल्यावर मार्करने देठ काढा. लिंबाचा ठसा हवा असेल तर लिंबू आडवं कापून तासभर तसंच ठेवा, मग फोडी छान उमटतात. भेंडी कापली की फूल मिळतं. खरा बिब्बा मात्र वापरू नका, हात भाजेल.

जांभळं करायची तर अंगठा. जांभळा रंग, अंगठ्याचा ठसा, वर हिरवा देठ. चार ठसे म्हणजे चार जांभळं.

मी पहिलं कार्ड आजीसाठी केलं. माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायला तिने तिची गोठ गहाण ठेवली होती. त्या कागदावर तिचा अंगठा होता. पगार सुरू झाला आणि गोठ सोडवून आणली, पण आभार मानायचे राहिले होते, कारण मानायचे कसे? तिला वाचता येत नाही. मेसेज करून उपयोग नाही, आणि तोंडाने 'थँक यू' म्हटलं तर ती म्हणणार, "काय सायबावानी बोलतेस." म्हणून कार्डावर जांभळाचा घड केला, सगळी जांभळं माझ्या अंगठ्याची. खाली गोठीचं चित्र. अक्षर एकही नाही.

तिने ते बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "रंग पक्का आहे ना?" आता ते तिच्या तांदळाच्या कोठीच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं आहे. का आत, ते मी विचारलं नाही.

तर मंडळी, या आठवड्यात एक कार्ड करा. तीन गोष्टी पाळा. एक, ज्या माणसाला देताय त्याला ओळखू येईल असं फळ काढा. स्ट्रॉबेरी कशाला? चार, टेंभुर्णी, बोर, जे त्याच्या तोंडी आहे ते. दोन, 'सगळ्याबद्दल धन्यवाद' असं लिहू नका. कशाबद्दल ते नेमकं लिहा. बस चुकली तेव्हा गाडीवर सोडलंत त्याबद्दल, परीक्षेच्या वेळी डबा पाठवलात त्याबद्दल. तीन, मजकूर संपला तिथे तुमचा अंगठा उमटवा. हे मोर्तब. म्हणजे कळेल की हे तुमचंच आहे आणि कुठूनही फॉरवर्ड होऊन आलेलं नाही.

आणि कार्ड स्वतः नेऊन देणार असाल तर सोबत शेजाऱ्याचा घरात राहिलेला एखादा डबाही न्या. रिकामा नको.

कार्डाचा फोटो पाठवायचा असेल तर पाठवा, पण आधी ज्याचं आहे त्याला देऊन या. पुढच्या भागात लाखेवर सविस्तर बोलू : किडा, पळस आणि बांगड्या. तोवर रामराम!