नामांतर आणि निष्ठा

सुवर्णलोकरीच्या शोधात निघणारा ग्रीक पुराणकथेतील जेसन आणि मराठी बायबलात पौलाला आश्रय देणारा थेस्सलनीकाचा यासोन ही एकाच नावाची दोन रूपे होत. पहिले इंग्रजी उच्चाराने आले, दुसरे मूळ ग्रीकाला धरून. 'येशुआ'शी ध्वनिसाम्य असल्याने यहुदी हे ग्रीक नाव स्वीकारीत. इ. स. पू. १७५च्या सुमारास जेरुसलेमचा प्रमुख याजक झालेल्या येशुआने तेच केले. नगरात ग्रीक व्यायामशाळा उभारली आणि परंपरेने त्याला धर्मद्रोही ठरविले. कोकणातील बेने इस्रायलांमध्येही अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा समाजी झाला. परंतु शनिवारी त्यांचे तेलघाणे बंदच राहिले, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. द्रोह नामांतरात नसतो. नाव बदलून काय राखले, यावरच त्याचा निवाडा होतो.