यशवंतीचं कातडं

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेलं मूल असो की मावळातल्या वाडीतलं, त्याच्या ओळखीचा पहिला ड्रॅगन म्हणजे यशवंती. तिच्या तोंडातून आग निघत नाही, पाठीला पंख नाहीत. कमरेला दोर बांधलेली ती एक घोरपड. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री ती कोंढाण्याचा कडा चढली आणि तिच्या दोराने तानाजी मालुसऱ्यांचे मावळे वर गेले, असं शाहीर तुळशीदासाचा पोवाडा सांगतो. ती मागे फिरली तेव्हा तानाजींनी तिला कापून खाण्याचा धाक घातला, हाही तपशील पोवाड्यातलाच.

सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत मात्र घोरपड नाही. निवडक दोन मावळे वानरासारखे कडा चढले, एवढंच तिथे येतं, आणि तेच पटतं. भेगेत शिरलेली घोरपड अंग फुगवून नख्या रोवते, ओढून निघत नाही, हे खरं. पण आपली मोठ्यात मोठी घोरपडही पावणेदोन मीटरच्या आसपास, आणि त्यात निम्म्याहून जास्त शेपूट. दोराला लोंबकळणारा गडी तिला कसा पेलावा?

कथा तर त्याहून जुनी आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेनुसार १४७१ मध्ये खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, असाच घोरपडीच्या साहाय्याने सर झाला आणि तिथून हे आडनाव आलं. या घराण्याच्या बहमनी फर्मानांच्या खरेपणावर इतिहासकारांचे वाद झाले, आडनाव टिकलं.

इंडोनेशियातला तीन मीटरचा कोमोडो ड्रॅगन हा घोरपडीच्याच कुळातला. तो हरणं मारतो. आपली घोरपड किडे, खेकडे, अंडी, उंदीर खाते, वारुळात अंडी घालते आणि माणसाची चाहूल लागताच पळते. तरी शिकार झाली तिचीच. मांसासाठी, सांधेदुखीवरच्या तेलासाठी, कातड्यासाठी.

गोव्याचं घुमट त्या कातड्यावरच वाजायचं. मातीचं मडकं, एका तोंडावर ताणून बसवलेलं घोरपडीचं पातळ कातडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा तळवा मागचं तोंड झाकत-उघडत नाद घुमवतो. चतुर्थीच्या आरत्या शामेळ, कासाळ्यांसह त्यावर रंगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीत ठेवलं, तेव्हा परंपरा आणि प्राणी समोरासमोर आले. वाजवणाऱ्यांनी बकऱ्याचं कातडं चढवलं. नाद बदलल्याची खंत जुन्या कानांना असेल, पण २०१९ मध्ये घुमट गोव्याचं वारसा वाद्य झालं ते या बदलानंतरच. परंपरा जपायची ती अशी.

दुसरा धंदा मात्र निव्वळ फसवणुकीचा आहे. ‘हत्था जोडी’ नावाने, दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून, शेंदूर लावून एक वस्तू विकली जाते. दोन हात जोडल्यासारखी दिसते. घरात ठेवली की लक्ष्मी येते म्हणतात. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. २०१७ मध्ये हा व्यापार उघडकीला आला आणि देशभर छापे पडले.

ती वस्तू जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. कुणी विकायला आणली, तर घेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.