सांगावे की झाकावे?

वैद्य आणि रोगी यांच्यामधील संभाषण हा वैद्यकाच्या इतिहासातील एक उपेक्षित अध्याय होय. औषधे कोणी शोधली, यंत्रे केव्हा आली, याच्या नोंदी विपुल सापडतात. परंतु रोग हाताबाहेर गेल्यावर वैद्य रोग्याशी काय बोलला, हे क्वचितच कोणी टिपून ठेवले. कर्करोगाच्या बाबतीत तर हे बोलणे रोग्याच्या उशाशी न होता बहुधा दाराबाहेर, मुलाशी किंवा भावाशी होत आले.

या मौनाचे मूळ निष्ठुरतेत नाही, ते करुणेत आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला केलेला उपदेश असा की, रोग्याचे आयुष्य सरत आल्याचे उमगले तरी, ते सांगितल्याने रोग्याला वा इतरांना आघात होणार असेल तेथे ते बोलू नये. पश्चिमेकडील रीतही फारशी निराळी नव्हती. १९६१ साली शिकागो येथील २१९ डॉक्टरांना विचारले असता शेकडा ९० जणांनी कर्करोगाचे निदान रोग्याला न सांगण्याकडेच कल दाखविला. पुढे १९७९ साली त्याच स्वरूपाची प्रश्नावली अमेरिकेत पुन्हा फिरविली गेली, तेव्हा शेकडा ९७ डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अवघ्या अठरा वर्षांत एका व्यवसायाचा सदाचार उलटा झाला!

हा पालट केवळ नीतिविचाराने घडला नाही. सांगून झाल्यावर रोग्याला देण्यासारखे काही हाती असावे लागते. १९६७ साली डॉ. सिसिली साँडर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह उघडले आणि रोग बरा होत नसला तरी वेदना शमविता येते, हे दाखवून दिले. ‘आता काही करता येणार नाही’ या वाक्याची जागा ‘आता निराळे काही करता येईल’ या वाक्याने घेतली, आणि मगच डॉक्टरांची जीभ मोकळी झाली.

बंगळूर शहरात ही वाटचाल स्पष्ट पाहावयास मिळते. १९७३ साली तेथे रफी अहमद किडवाई यांच्या नावाची कर्करोगसंस्था सुरू झाली. दूरदूरच्या खेड्यांतून येणाऱ्या अशा रोग्याची भाषा पुष्कळदा डॉक्टरांची भाषा नसते. तेथे सोबतचा नातलगच दुभाषी होतो. त्याने जे गाळले ते रोग्याला कधी कळतच नाही. पुढे त्याच शहरातील निम्हान्स या संस्थेच्या मनोविकारतज्ज्ञांनी, रोगाची जाणीव असणे-नसणे आणि मनःस्वास्थ्य यांचा संबंध कर्करोग्यांमध्ये अभ्यासला. तो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान १९९४ साली स्थापन झालेल्या न्यासाने १९९९ मध्ये ‘करुणाश्रय’ हे निःशुल्क शुश्रूषागृह उघडले. एक रुग्णालय, एक मनोविकारसंस्था आणि एक शुश्रूषागृह यांमुळे बोलण्यास आधार मिळाला.

तथापि खरी अडचण ‘कर्करोग’ हा शब्द उच्चारण्यात नसून ‘उपचार’ या शब्दात आहे. रोग समूळ घालविणारे औषधही उपचार, त्याची वाढ काही महिने रोखणारे औषधही उपचारच. सलाईनची बाटली चढली की घरच्या मंडळींना वाटते, माणूस बरा होणार. हा भ्रम अडाणीपणाचा नव्हे. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा ६९ रोग्यांना, ही औषधे आपणास बरे करण्याची शक्यता मुळीच नाही, हे उमगले नव्हते. म्हणून औषध कशासाठी, ते घेतल्यास दिवस कसे जातील आणि न घेतल्यास कसे, हे तिन्ही सांगितल्यावाचून निवड ही निवडच राहत नाही.

कायद्याची गतीही याच दिशेने झाली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत, डॉक्टराने आजाराचे गांभीर्य वाढवूही नये आणि घटवूही नये, असे म्हटले आहे. पण ते कोणाला कळावे? रोग्याला, नातलगांना ‘किंवा’ जबाबदार मित्रांना. या ‘किंवा’च्या आडोशाला जुने मौन सुखाने नांदत राहिले. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सज्ञान व निर्णयक्षम स्त्रीच्या वतीने आईने दिलेली संमती पुरेशी नाही, असा निर्णय दिला. तो खटला कर्करोगाचा नव्हता. तरी दाराबाहेरच्या संभाषणाला त्याने धक्का दिला. २०१८ साली त्याच न्यायालयाने आपल्या अखेरच्या उपचारांविषयीची इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने त्याच्या अंमलबजावणीसाठी परिपत्रक काढले.

परंतु आपल्याला काय झाले आहे हेच जो जाणत नाही, तो इच्छा लिहिणार ती कशाची? चरकाने मौन सांगितले ते आघात टाळण्यासाठी. आज शेवटचे महिने इस्पितळात काढावे की अंगणात, मुलीचे लग्न आधी उरकावे की औषधाची पुढली फेरी घ्यावी, हे ठरविण्याची संधीच हिरावली गेली तर तोही आघातच नव्हे काय? त्या उपदेशातील करुणा टिकवावयाची असेल, तर आता डॉक्टरने दाराबाहेरून आत येऊन, रोग्याजवळ खुर्ची ओढून, तुम्हाला किती जाणून घ्यावयाचे आहे, हे प्रथम त्यालाच विचारले पाहिजे.