रायफलच्या नळीतले तांबे

तांब्या-पितळेच्या भांड्यांत स्वयंपाक पाहिलेल्या पिढीला तांब्याचा स्वभाव वेगळा सांगायला नको. कल्हई उडाली की ताक कळकते. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो, नाकात झोंबणारा धूर निघतो आणि काळवंडलेले तांबे लख्ख होते. तांबे आणि अमोनिया यांच्या याच नात्यावर अमेरिकी सैन्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या रायफली साफ केल्या. ती हकिकत ऐकण्याजोगी आहे.

१८८४ साली फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली. गोळीचा वेग एकदम वाढला. नुसते मऊ शिसे त्या वेगात नळीतल्या आट्यांना धरून राहीना, म्हणून शिशावर कठीण धातूचे वेष्टन आले. बऱ्याच सैन्यांनी त्यासाठी साधारण ८० टक्के तांबे आणि २० टक्के निकेल असा मिश्रधातू निवडला. सेकंदाला सुमारे २,००० फूट वेगाच्या क्रॅग रायफलमध्ये तो निभावला. पण १९०६ साली स्प्रिंगफील्ड रायफलसाठी नवे काडतूस आले आणि वेग २,७०० फुटांवर गेला. मग वेष्टनाचा धातू नळीच्या तोंडाजवळ गाठीगाठींनी चिकटू लागला. नेम बिघडे आणि चिंदीने कितीही घासले तरी गाठ हलत नसे.

उपाय निघाला तो तीव्र अमोनिया, अमोनियम परसल्फेट आणि अमोनियम कार्बोनेट यांच्या द्रावणाचा. काडतुसाच्या घरात बूच मारायचे, नळीच्या तोंडावर रबरी नळी चढवायची आणि द्रावण काठोकाठ भरायचे. अर्ध्या तासात ते गडद निळे होई. तो विरघळलेल्या तांब्याचा रंग. मात्र नळी गरम असली किंवा द्रावण आत सुकले, तर अमोनिया उडून जाई आणि मागे राहिलेले परसल्फेट पोलादच खाऊ लागे. तांबे काढता काढता नळी कायमची खरवडलेली निघे.

दुसरी एक व्याधी याच्याच आड लपली होती. दुपारी आरशासारखी साफ केलेली नळी चार दिवसांनी गंजलेली दिसे आणि दोष शिपायाच्या आळसाला मिळे. खरे कारण काडतुसाच्या प्राइमरमध्ये होते. त्यातल्या पोटॅशियम क्लोरेटपासून पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच एक भाऊबंद, तयार होतो आणि हवेतला ओलावा ओढून घेतो. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. ब्रिटिश सैन्यात .३०३ रायफलच्या नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची चाल होती, ती या दृष्टीने अगदी योग्य. निकेलच्या गाठींसाठी मात्र ते तारेची जाळी ओढत. हिंदी पलटणींतही हीच रायफल होती. आपल्यापैकी ज्यांनी एन.सी.सी.त ‘फुलथ्रू’ आणि ‘चिंदी’ हे शब्द ऐकले, त्यांच्यापर्यंत त्याच शिस्तीचा वारसा आला आहे.

तांब्यावर आणखी एक उपाय अमेरिकेत झाला, आणि तो आपल्या ओळखीचा आहे: गोळीला कल्हई! १९२१ साली ओहायोतील कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धेसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या गोळ्या काढल्या. नळ्या स्वच्छ राहिल्या. पण कथिल काडतुसाच्या पितळी मानेला डाग दिल्यासारखे चिकटून बसे आणि दारूचा दाब वाढे. त्यातच गोळी ग्रीसमध्ये बुडवण्याची नेमबाजांची जुनी सवय. दोन्ही एकत्र आल्यावर रायफल फुटण्यापर्यंत गोष्ट गेली.

१९२२ साली दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले. स्पर्धेच्या गोळ्यांवर निकेलऐवजी तांबे आणि थोडे जस्त यांचे वेष्टन आले आणि गाठी बसणे थांबले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सचे विल्बर्ट हफ यांनी गंजाचे मूळ प्राइमरमधल्या क्षारात असल्याचे दाखवून दिले. तरीही बिनक्षारी प्राइमर .३०-०६ च्या लष्करी काडतुसांत पूर्णपणे यायला दुसरे महायुद्ध संपून काही वर्षे जावी लागली.

आज अमेरिकेत एखादी जुनी रायफल कोणाच्या हाती आली, तर या इतिहासाचा थेट उपयोग आहे. प्रथम ती रिकामी आहे याची खात्री करावी. जुनी लष्करी काडतुसे वापरली असतील तर आधी पाण्याने क्षार धुवावेत. नळी कोरडी करून मगच तांबे काढणारे द्रावण वापरावे. चिंदीवर निळा डाग आला की तांबे निघते आहे असे समजावे. पितळी ब्रशचाही तोच रंग उतरतो, म्हणून डाग नायलॉनच्या ब्रशने तपासावा. अमोनियाचे द्रावण नळीत रात्रभर ठेवू नये, आणि शेवटी तेलाचा हात फिरवावा.

निकेलच्या त्या वेष्टनापायी तीसेक वर्षे शिपायांनी नळ्या घासल्या, शिक्षाही भोगल्या. दोष त्यांच्या हातात नव्हता, कारखान्यातून आलेल्या काडतुसात होता. माणसाला अधिक घासायला सांगणे सोपे असते. वस्तूच मुळात सुधारायला वेळ लागतो, पण सुटका त्यानेच होते.